थांबा, मी करून दाखवतो

काकांनी गुडघा बदलून घ्यायचं ठरवलं आणि मी दिग्दर्शक झालो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं बायकोने विचारलं तेव्हा मला तो नीट सांगता आला नाही. काका म्हणजे आमच्या हौशी नाट्यमंडळाचे कायमचे दिग्दर्शक. आमच्या तालमीही त्यांच्याच घरी व्हायच्या. गेली दोन वर्षं मंडळाचा एकही प्रयोग झाला नव्हता आणि यंदाही झाला नाही तर मंडळ गुंडाळायचं, असा ठराव आम्हीच मोठ्या आवेशात पास करून बसलो होतो. नाटक ठरलं, थिएटरची तारीख लागली आणि काकांच्या गुडघ्याने मान टाकली. दवाखान्यातल्या पलंगावरून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हा करेल. नाहीतरी एकोणीस वर्षं हा मला दिग्दर्शन शिकवतोच आहे."

सगळे हसले. मी नम्रपणे मान खाली घातली. आतून म्हणत होतो, चला, शेवटी कळलं यांना.

मी नट आहे. म्हणजे पोटासाठी कारकून आहे, पण रक्तात नट. एकोणीस वर्षांत अकरा नाटकं केली, त्यांतल्या सात नाटकांत डॉक्टर. तिसऱ्या अंकात मी येतो, नाडी बघतो आणि म्हणतो, "तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा." सगळे बाहेर जातात. मग थोड्या वेळाने मीही जातो. पण या एका वाक्यात मी काय काय घातलं आहे, ते माझं मला ठाऊक. "जरा" या शब्दावर मी अर्धा सेकंद थांबतो. एकदा तर मध्यंतरात एका बाईंनी मला त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट दाखवला होता. असा माणूस दिग्दर्शन करणार नाही तर कोण?

बातमी आमच्या इमारतीत पसरायला एक जिना पुरला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार खाली येऊन म्हणाले, "दिग्दर्शक म्हणजे धाक. पहिल्याच दिवशी कुणाला तरी हाकलून द्या. कुणालाही. उरलेले सरळ येतात." मी म्हटलं, आमच्याकडे पात्रं तीन, नटही मला धरून तीनच, एकाला हाकललं तर त्याचंही काम मलाच करावं लागेल. "मग एकाला जास्तीचा घ्या आणि त्याला हाकला," ते म्हणाले. शेजारचे दातांचे डॉक्टर मात्र खिडकीतूनच बोलले. "हे बघा, मी पेशंटला तोंड उघडा म्हणतो. तोंड कसं उघडायचं ते काही मी करून दाखवत नाही." या वाक्याचा नाटकाशी काय संबंध, ते मला कळलं नाही. दातवाल्या माणसाला सगळीकडे दातच दिसणार, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

पहिली अडचण जागेची. काकांच्या घरी आता गुडघा होता. आमच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला एक मोठी खोली आहे, मोडक्या खुर्च्यांची. ती संध्याकाळी वापरायला मिळावी म्हणून मी अर्ज केला. आता गंमत अशी, की ऑफिसात "जागा व फर्निचर" हे टेबल माझंच. म्हणजे मी अर्ज लिहिला, उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलो, स्वतःच्या टेबलावर ठेवला, परत खुर्चीत येऊन बसलो आणि पोच दिली. तीन दिवस तो तसाच पडू दिला. आमच्याकडे कागद लगेच हलला की लोकांना संशय येतो. चौथ्या दिवशी वाचायला घेतला आणि बघतो तर काय, त्यात त्रुटी! अर्जदार स्वतःला दिग्दर्शक म्हणवत होता आणि पुरावा काहीच जोडलेला नव्हता. नियम तो नियम. मी स्वतःला पत्र लिहिलं: "अर्जदाराने आपण दिग्दर्शक असल्याबाबतचा दाखला सादर करावा." ते पत्र मिळाल्यावर, खरं सांगतो, मला अपमान वाटला.

दाखला घ्यायला काकांकडे गेलो. त्यांनी पाय उशीवर ठेवून लिहून दिलं, "सदर इसम दिग्दर्शक आहे, असे त्याचे म्हणणे आहे."

एवढ्यावर फाइल साहेबांकडे गेली. आमचे साहेब म्हणजे फाइलवरून मान वर न करणारा माणूस. तीन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते आणि त्याआधी आम्हा सगळ्यांचे गोपनीय अहवाल त्यांच्या हातून लिहून व्हायचे होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काकांचा दाखला दोनदा वाचला, सही केली, टोपण लावलं आणि फाइलकडेच बघत म्हणाले, "नाटकात एखादं काम असेल का?"

"कोणासाठी, सर?"

साहेबांनी मान वर केली. सोळा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांचा रंग दिसला.

नाटकात काम होतं. चांगलं मुख्य काम होतं. नाटक असं, की एक निवृत्त पोस्टमास्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात कुणालाही न विचारता स्वतःचं दुसरं लग्न ठरवतो. मुलगा आकाशपाताळ एक करतो आणि मुलगी वडिलांशी बोलायला येते. पोस्टमास्तर काकाच करणार होते. आता ती जागा रिकामी होती आणि ती मी मनातल्या मनात स्वतःला देऊन टाकली होती. पण समोर गोपनीय अहवाल बसला होता. म्हणून पोस्टमास्तर साहेब झाले. मुलाचं काम बुलंदकडे. विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. आवाज असा की गिऱ्हाइकाने "बल्ब आहे का" विचारलं तर याचं "आहे" चौकापर्यंत जातं. आणि मुलगी म्हणजे आमची सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटी संपवून त्याच पांढऱ्या कपड्यांत धावत यायची.

तालमी सुरू झाल्या आणि माझी गोची झाली. सकाळी दहा ते साडेपाच मी साहेबांना सर म्हणायचो. सहा वाजता त्याच इमारतीत, मागच्या खोलीत ते मला सर म्हणायचे. मधल्या अर्ध्या तासात आम्ही जिन्यात भेटलो तर दोघंही गप्प. पहिल्या दिवशी फौजदारांचा सल्ला आठवून मी साहेबांवर ओरडलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर फाइल उलटी ठेवून मी बाहेर पळालो.

पण मला सगळं येत होतं, हीच खरी अडचण. कोणी एक वाक्य म्हणालं, की माझ्या आतला नट उसळी मारायचा. "थांबा, मी करून दाखवतो!" सिस्टरला मी लाडक्या लेकीसारखं दारातून धावत येऊन दाखवलं. बुलंदला पाठ करून उभं राहून खांदे कसे हलवायचे ते दाखवलं. साहेबांना तर काय काय दाखवलं! पोस्टमास्तर मुलीला शेवटी सांगतो, "मला एकट्याला जेवायला आवडत नाही." हे एक वाक्य मी त्यांना सतरा तऱ्हांनी म्हणून दाखवलं. कंप आणून, हुंदका गिळून, छताकडे बघून, टेबलाची कड धरून. "एकट्याला" या शब्दावर अर्धा सेकंद थांबून. साहेब पेन्सिलीने संहितेच्या समासात सगळं टिपून घ्यायचे. "कंप, नंतर हुंदका. नोंद घेतली." आणि मग ते म्हणायचे. तो कंप असा असायचा, की सिस्टरने एकदा सवयीने त्यांचा रक्तदाब विचारला.

तीन आठवड्यांनी बायकोला पहिल्यांदा तालीम बघायला बोलावलं. तिने सगळं नाटक हाताची घडी घालून पाहिलं. घरी जाताना मीच म्हटलं, "अगं, काहीतरी बोल की."

"छान आहे. पण एक सांगू? स्टेजवर सगळे तुम्हीच होतात."

"म्हणजे?"

"साहेब तुमच्यासारखे खोकतात. तो दुकानवाला तुमच्यासारखी मान तिरपी करतो. आणि ती बिचारी सिस्टर, चांगली सरळ मुलगी, ती तुमच्यासारखी कमरेवर हात ठेवून चालते. मला घरात एक आहे तेवढं पुरे. तिकीट काढून तीन कोण बघणार?"

दोन दिवस आमच्याकडे मीठसुद्धा खुणेने मागितलं गेलं. कलेतलं ज्याला कळतं त्यालाच हे दुःख कळेल.

तिसऱ्या दिवशी मी जिद्दीने तालमीला उभा राहिलो. बुलंदचा संतापाचा प्रवेश. मुलगा रागाने खुर्चीवर चढतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर ओरबाडतो. बुलंद चढला तो माळ्यावरचा डबा काढायला चढल्यासारखा. "अरे, राग कुठाय? राग पायांतून येतो!" मी गरजलो. "थांब, मी करून दाखवतो." आणि खुर्चीवर झेप घेतली. ती खोली मोडक्या खुर्च्यांची आहे हे मी मघाशी सांगितलंच. फर्निचरचं टेबल माझंच असल्याने ती खुर्ची निकामी असल्याचा शेराही माझ्याच अक्षरात होता. खुर्ची एका बाजूला गेली, मी दुसऱ्या बाजूला, आणि पडता पडता जी आरोळी मारली तीत महिनाभर ओरडून आधीच बसत आलेला माझा आवाज संपला. पाठीत कळ, घशात वारा. बुलंद मात्र भारावून म्हणाला, "वा! आत्ता कळलं कसं करायचं ते."

डॉक्टरकडे बायको घेऊन गेली. खरा डॉक्टर. त्याने पाठ दाबली, घसा बघितला, मग टेबलावर पेन शोधत शोधत तिला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

बस्स. एवढंच. ना "जरा"वर थांबला, ना चष्मा काढला. माझ्याकडे नाही, तिच्याकडे नाही, तो पेनकडे बघत होता. आणि बायको बाहेर गेली! घाबरून, पदर सावरत गेली. माझ्या सात डॉक्टरांनी मिळून एकोणीस वर्षांत जेवढी भीती घातली नसेल, तेवढी या माणसाने पेन हरवल्यावर घातली. मी पालथा पडल्या पडल्या विचार करत राहिलो. त्याने निदान काय केलं ते माझ्या कानांत शिरलंच नाही. मग त्याने बायकोला आत बोलावून तेच सांगितलं आणि बाहेर आल्यावर तिने ते मला ऐकवलं. आठ दिवस बोलायचं नाही, उठबस करायची नाही.

प्रयोगाला दहा दिवस राहिले होते.

मी पट्टा बांधून तालमीला गेलो आणि एका धडक्या खुर्चीत बसलो. जवळ चिठ्ठ्यांचं पॅड. पहिला दिवस भयंकर गेला. सगळे एक वाक्य म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी काहीच करून दाखवेना. सिस्टर दारातून दोनदा माझ्यासारखी आली, तिसऱ्यांदा दमली. सकाळपासून ड्यूटीवर उभी होती. ती नुसती आत आली, पर्स खाली टाकली आणि बसली. मी पॅडवर लिहिलं, "हेच." तिला कळेना की हेच म्हणजे काय. मला तरी कुठे कळत होतं? पण दारातून मुलगी आल्यासारखी वाटली होती एवढं खरं.

साहेब त्या वाक्याशी आले. समासातल्या सगळ्या नोंदी त्यांनी वाचल्या, कंपाची तयारी केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी लिहून पाठवली, "साहेब, तुम्ही हे कसं म्हणाल?"

ती चिठ्ठी त्यांनी एखाद्या फाइलसारखी वाचली. उलटी करून मागेही बघितलं. मग समोरच्या टेबलावर कुणीतरी ठेवलेला चहाचा कप त्यांनी उगीचच थोडा बाजूला सरकवला आणि त्या कपाला सांगावं तसं म्हणाले, "मला एकट्याला जेवायला आवडत नाही."

पुढचं वाक्य सिस्टरचं होतं, ती विसरली. बुलंद चक्क हळू आवाजात म्हणाला, "बाप रे." सोळा वर्षं मी या माणसाच्या केबिनबाहेर बसत होतो आणि मला त्यांच्याबद्दल फक्त सही ठाऊक होती.

त्यानंतर मी चिठ्ठ्यांवर फक्त प्रश्न लिहिले. आवाज परत आला तेव्हाही बरेचसे प्रश्नच विचारले. कधी कधी उठायचो, "थांबा" म्हणायचो, सगळे थांबायचे, आणि मग मी खुर्चीत परत बसायचो. असं दिवसातून पाच-सहा वेळा व्हायचं.

पण नटाची खाज अशी एकदम जात नाही. ती सेटमध्ये घुसली. प्रयोगाच्या दिवशी सकाळी सुताराने दार उभं केलं तेव्हा मला ते जुनाट वाटलं. "दाराला रंग मारा. ताजा दिसला पाहिजे," मी हुकूम सोडला. सुतार म्हणाला, "अहो, चारला प्रयोग. वाळणार नाही." मी म्हटलं, "दिग्दर्शक कोण आहे?" सुताराने पुढे वाद घातला नाही. त्याने रंग मारला.

प्रयोग चांगला चालला होता. मी स्वयंपाकघराच्या बाजूच्या विंगेत उभा होतो, बायको पडद्याच्या दोरीपाशी. शेवटचा प्रवेश आला. पोस्टमास्तर एकटा. दारावर टकटक. साहेब म्हणाले, "ये गं, उघडंच आहे."

दार उघडेना. ताजा रंग चौकटीला असा चिकटला होता, की पलीकडून सिस्टर ढकलत होती आणि सगळी भिंत हलत होती. साहेब उठले, अलीकडून ओढून पाहिलं. हाताला हिरवा रंग लागला. दार तसंच. पलीकडची धडपड थांबली. स्टेजवर आमचे साहेब, एकटे, हिरवे हात घेऊन, आणि समोर भरलेलं थिएटर.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर! घरात डॉक्टर केव्हाही येऊ शकतो. स्टेथास्कोप माझ्या पिशवीत असतोच. मी तो गळ्यात अडकवला, चेहरा गंभीर केला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि मागून पट्टा ओढला गेला. बायकोने एका हाताने पडद्याची दोरी धरली होती आणि दुसऱ्या हाताने मला.

"बसा," ती कुजबुजली.

"अगं, तो माणूस मरेल तिथे!"

"मरत नाहीयेत. बघा तरी."

साहेबांनी हात खांद्यावरच्या पंच्याला पुसले. सावकाश कपाटाकडे गेले, दोन ताटं काढली, टेबलावर मांडली. दाराकडे पाहिलं. एक ताट उचललं, परत कपाटाशी गेले, थांबले, ते पुन्हा आणून ठेवलं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. थिएटरात खोकलासुद्धा नव्हता. तेवढ्यात सेटच्या मागून वळसा घालून सिस्टर धापा टाकत माझ्या अंगावरून आत गेली आणि स्वयंपाकघरातून प्रकट झाली.

"बाबा, दार उघडत नाहीये! मागून आले."

साहेब ताट सरळ करत, मान वर न करता म्हणाले, "अर्ज दिलाय. तीन महिने झाले."

थिएटर फुटलं. मागच्या रांगांत बसलेलं आमचं सगळं ऑफिस तर बाकावरून खाली यायचं बाकी होतं. सिस्टरलाच खरं हसू आलं, ती हसत हसत खुर्चीत बसली. साहेबही हसले. मग हसू अजून चेहऱ्यावर असतानाच ते दोन ताटांकडे बघून म्हणाले, "मला एकट्याला जेवायला आवडत नाही गं."

हसणं मधल्या मध्ये थांबलं. माझ्या गळ्यात स्टेथास्कोप होता, तो मी हळूच काढून पिशवीत ठेवला. बायकोने डोळे पुसायला दोरी सोडली, त्यामुळे पडदा एक वाक्य आधीच पडला. पण ते वाक्य तसंही फारसं चांगलं नव्हतं.

नंतर मेकअपच्या खोलीत गर्दी उसळली. फौजदार माझा हात दाबून म्हणाले, "दार अडकायची कल्पना अफाट! ताटांची तर त्याहून." एका बाईंनी दाराचा अर्थ समाजाशी जोडून दाखवला. काका वॉकर घेऊन आले होते. ते म्हणाले, "माझं एकही दार एवढ्या वर्षांत कधी अडकलं नाही रे. वाया गेली सगळी वर्षं." पाच आठवडे घाम गाळून मी जे जे बसवलं, त्याबद्दल एकही जण अवाक्षर बोलला नाही. जे मी केलंच नाही, त्याचं कौतुक मात्र मी मान लववून स्वीकारत होतो. एकाने सरळच विचारलं, "दाराची कल्पना कुणाची?" साहेब आरशापुढे हाताचा हिरवा रंग घासत होते. तिथूनच म्हणाले, "दिग्दर्शकांची. रंग त्यांनीच लावायला सांगितला." त्यांचा चेहरा फाइलवर सही करताना असतो तसा होता, त्यामुळे हा शेरा अनुकूल की प्रतिकूल, ते मला आजही सांगता येत नाही.

मंडळ गुंडाळण्याचा ठराव रद्द झाला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग करा म्हणून थिएटरकडूनच निरोप आला. शनिवारी संध्याकाळी आम्ही मागच्या खोलीत जमलो. सुतार दार घेऊन आला होता. पटाशीने रंग खरवडून म्हणाला, "आता बोला. सुटसुटीत करू, की अडकतं ठेवू?"

बुलंद आणि सिस्टर एकदम बोलले, "अडकतंच!" बुलंदने तर त्यासाठी चौकटीला आतून कडी लावायची युक्ती काढली होती. सिस्टरने कुठून धापा टाकायच्या ते ठरवलं होतं. साहेबांनी संहितेच्या समासात लिहून आणलं होतं, "ताट उचलणे. थांबणे. परत ठेवणे." त्यांनी ते एकदा करूनही दाखवलं. ताट उचललं, मोजून थांबले, परत ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते अगदी मी केल्यासारखं झालं होतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पाठीचा पट्टा काचत होता. मी उठलो नाही.

"सरळ उघडू दे," मी सुताराला म्हटलं. "नीट, आवाज न करता."

"अहो, पण मग तो हशा?" बुलंद ओरडला. "ती शांतता? ते सगळं कुठून आणायचं?"

"आणायचं नाही," मी म्हणालो. "प्रयोग आहे. दुसरं काहीतरी बिघडेलच."